मुकुट नावाची सराई

ऱ्हाईन नदी माइन्झपासून बिंगेनपर्यंत रमतगमत पश्चिमेला वाहते. पात्र रुंद, मधे बेटं, काठाला सपाट गावं. बिंगेनला समोर डोंगर आडवा येतो, नदी उजवीकडे वळते आणि पुढचे साठेक किलोमीटर अरुंद दरीतून जाते. या वळणाच्या आत, उजव्या काठावर, आसमान्सहाउझेन नावाचं गाव आहे. नावात आसमान असलं तरी गावात उभं राहिलं की आसमान फारसं दिसत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी आणि नदीपलीकडे पुन्हा डोंगर. मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक रस्ता, एक रेल्वे, काही घरं आणि एक हॉटेल. हॉटेलचं नाव 'क्रोने', म्हणजे मुकुट.

माइन्झला नोकरीनिमित्त राहायला आल्यापासून मी या गावात बऱ्याचदा गेलो आहे. विसबाडेनहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. पुण्या-नाशिकहून आलेल्या पाहुण्यांना शेजारच्या रुडेसहाइमला न्यावंच लागतं, कारण तिथली द्रोसेलगासे नावाची गाण्याबजावण्याची गल्ली सगळ्या सहलकंपन्यांच्या यादीत असते. त्या गल्लीतून अर्ध्या तासात सुटका करून घ्यायची आणि पुढच्या स्टेशनावर उतरायचं, हा माझा शिरस्ता. सुरुवातीला मी तिथे लाल वाईनसाठी जायचो. सगळा ऱ्हाईनगाऊ पांढऱ्या रीसलिंगचा, हे एकच गाव शतकानुशतकं लाल वाईनचं. श्पेटबुर्गुंडर, म्हणजे फ्रेंच लोक ज्याला पिनो न्वार म्हणतात ती जात. गावाच्या वरच्या प्रसिद्ध मळ्याचं नाव हॉलेनबेर्ग. आजच्या जर्मनमध्ये ते 'नरकाचा डोंगर' असं ऐकू येतं आणि पर्यटकांना तसंच सांगितलं जातं, पण मुळात तो जुना शब्द नुसता 'उभी चढण' अशा अर्थाचा आहे. छाटणीच्या दिवसांत तिथे काम करणाऱ्या माणसांना दोन्ही अर्थ सारखेच वाटत असावेत.

पुढे मात्र मला त्या हॉटेलच्या इतिहासाचाच नाद लागला.

'क्रोने' आपलं जन्मसाल १५४१ सांगतं. जर्मनीतल्या जुन्या सरायांची नावं एका साच्यातली असतात: मुकुट, गरुड, सिंह, हरीण, पांढरा घोडा. ही नावं हौसेची नव्हती. दारावर कायमची पाटी लावायचा हक्क राज्यकर्त्याकडून मिळत असे. पाटी असेल तर मुक्कामी माणूस ठेवता येई, त्याला गरम जेवण देता येई, त्याचे घोडे बांधता येत. पाटी नसलेल्या द्राक्षबागायतदाराला फक्त आपल्या घरची वाईन, वर्षातले काही महिने, दारावर हिरवी डहाळी टांगून विकता येई. ही डहाळीवाली पद्धत आजही कायद्यात शिल्लक आहे: वर्षाला जास्तीत जास्त चार महिने, तेही दोन हप्त्यांत. म्हणजे पाटीवाले आणि डहाळीवाले असे दोन वर्ग. पाटी ही इस्टेट होती आणि ती बापाकडून मुलाकडे किंवा जावयाकडे जात असे.

या खबदाडीत मुक्कामाची सराई चालत होती, याचं कारण वाईन नव्हती. कारण होतं गावाच्या थोडं वर असलेलं बिंगेनचं भोक.

बिंगेनजवळ, उंदरांचा मनोरा म्हणतात त्या छोट्या बुरुजापाशी, नदीच्या तळातून खडकांची एक आडवी भिंत गेलेली होती. त्या भिंतीत जेमतेम एक नाव जाईल एवढी फट होती आणि तिथे पाणी खळाळून खाली पडायचं. खालून वर येणारी मालाची नाव घोडे दोरीने ओढत असत. काठाने घोडे, मागे लांब दोर, दोराच्या टोकाला नाव. या फटीपाशी नेहमीचे घोडे पुरत नसत. जादा घोडे जुंपावे लागत, वाट माहीत असलेला वाटाड्या नावेवर घ्यावा लागे, पाणी कमी असेल तर माल उतरवावा लागे. त्याच्याही आधीच्या काळात व्यापारी हा धोका पत्करतच नसत. ते लोर्ख गावात माल उतरवून डोंगरावरून बैलगाड्यांनी रुडेसहाइमच्या बाजूला नेत आणि पुन्हा नावेत भरत. त्या वाटेला अजूनही 'व्यापाऱ्यांची वाट' म्हणतात.

आसमान्सहाउझेन या फटीच्या अगदी खाली. म्हणजे वर जाणाऱ्या प्रत्येक नावेला इथे थांबणं आलं. घोडेवाले, नावाडी, वाटाडे, पाणी चढायची वाट बघत बसलेले व्यापारी यांना जेवण, दारू, पेंढा आणि अंथरूण लागायचं. एका खडकाच्या जिवावर गाव जेवत होतं म्हणा ना. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याशी जशी जादा बैल आणि चहाची दुकानं उभी राहिली, तसंच. सराईचा पहिला गिऱ्हाईक निसर्गसौंदर्य बघायला आलेला नव्हता. त्याला हे सौंदर्य कधी एकदा मागे पडतंय असं झालेलं असे.

आता घराण्याबद्दल. मी निफाड तालुक्यातला, त्यामुळे द्राक्षांच्या जमिनीच्या वाटण्या हा विषय मला पुस्तकात वाचायची गरज नाही. आजोबांचा एक तुकडा, वडिलांच्या पिढीत त्याचे चार, आमच्या पिढीत नऊ, आणि सातबाऱ्यावर नावांची रांग. ऱ्हाईनच्या काठावर हेच चाललं होतं. उत्तर जर्मनीत बऱ्याच भागांत जमीन अखंड एका मुलाकडे जाई आणि बाकीच्यांनी चाकरी शोधायची. इथे मात्र सगळ्या लेकरांना, मुलींनाही, सारखी वाटणी. न्याय म्हणून उत्तम, पण तीन-चार पिढ्यांत मळ्यांच्या चिंध्या झाल्या. उभ्या डोंगरावर दगडी ताली रचून केलेल्या पट्ट्या, आणि एकेका घराच्या पट्ट्या दहा ठिकाणी विखुरलेल्या.

सराईची अशी चिंधी करता येत नाही. स्वयंपाकघर तीन भावांत वाटलं तर पाहुणा जेवणार कुठे? म्हणून सराई एकाने घ्यायची आणि बाकीच्यांचे पैसे चुकते करायचे, असा रिवाज. त्यासाठी कर्ज काढायचं, किंवा लग्न अशा घरात करायचं की जिथून हुंडा येईल, किंवा दोन्ही. जर्मन हॉटेलांच्या जुन्या पाट्यांवर दोन-दोन आडनावं जोडलेली दिसतात, त्यांत बहुतेक वेळा एक आडनाव सुनेचं किंवा लेकीचं असतं. मालक वारला तर त्याची विधवा धंदा चालवी. गावगाड्यात बाईच्या हाती गल्ला आणि किल्ल्या असण्याच्या ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत सराई ही एक. 'क्रोने'शी ज्या घराण्याचं नाव सर्वांत घट्ट जोडलं गेलं ते हुफ्नागेल. आडनावाचा अर्थ घोड्याच्या नालाचा खिळा. घोडेवाल्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या सराईला यापेक्षा शोभणारं आडनाव मिळणं कठीण. योगायोगच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घराण्याचा धंदा म्हणजे नुसत्या खोल्या नव्हेत. वर डोंगरावर स्वतःचे मळे, खाली तळघरात स्वतःची पिंपं, मधल्या मजल्यावर ती वाईन पिणारा पाहुणा. द्राक्षाला भाव नसेल त्या वर्षी पाहुणा सांभाळायचा, पाहुणा आला नाही त्या वर्षी तळघर. डहाळीवाल्या शेजाऱ्याकडे ही दुसरी दोरी नव्हती, म्हणून वाईट साल आलं की तो आधी बुडायचा आणि त्याची पट्टी विकत घ्यायला पाटीवाला तयार असायचा. कौटुंबिक हॉटेलांच्या माहितीपत्रकांतून जो पिढ्यानपिढ्यांचा उबदारपणा वर्णन केलेला असतो, त्याच्या तळाशी हा हिशेबही असतो.

१८२७ मध्ये कोलोन ते माइन्झ अशी वाफेच्या बोटींची नियमित सेवा सुरू झाली आणि पहिल्या वर्षी सुमारे १८ हजार उतारू गेले. पुढच्या दोन-तीन दशकांत हा आकडा लाखांत गेला. वाफेच्या बोटीला घोडा लागत नाही. त्यातच प्रशियाच्या सरकारने १८३० ते १८३२ मध्ये सुरुंग लावून बिंगेनची फट रुंद केली. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर सराई तीन शतकं जगली, तो खडक आणि तो घोडा, दोन्ही एकदमच गेले. कितीतरी सराया तिथेच संपल्या असतील. 'क्रोने' वाचली, कारण बोटीने घोडेवाला नेला पण त्याच्या जागी दुसरंच माणूस आणून सोडलं: हातात पुस्तक घेतलेला प्रवासी.

हा प्रवासी आधी इंग्रज होता. बायरनने १८१६ च्या प्रवासकाव्यात ऱ्हाईन गायली, टर्नरने पुढच्याच वर्षी येऊन चित्रं रेखाटली, आणि पडके किल्ले, धुकं आणि द्राक्षं यांचं वेड लागलं. कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने १८३० च्या दशकात ऱ्हाईनची मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि पुढे तिच्यात चांगल्या जागांना चांदण्या द्यायला सुरुवात केली. सराईवाल्याला आता राज्यकर्त्याच्या पाटीइतकीच बेडेकरची चांदणी महत्त्वाची झाली. नदीपलीकडे, आसमान्सहाउझेनच्या अगदी समोर, प्रशियाच्या राजपुत्र फ्रीडरिखने एक पडका किल्ला घेऊन १८२५ ते १८२९ मध्ये तो नव्याने बांधला आणि नाव दिलं ऱ्हाइनश्टाइन. जुनं पाडून जुनं दिसेल असं नवं बांधायची हौस तेव्हाचीच. 'क्रोने'च्या खिडकीतून आजही तो किल्ला चौकटीत बसवल्यासारखा दिसतो.

ही खिडकी आणि तो किल्ला लक्षात ठेवायला हवा, कारण १८४४ च्या मे महिन्यात त्या बाजूच्या एका खोलीत चौतिशीच्या घरात आलेला एक कवी राहायला आला.

फर्डिनांड फ्रायलिग्राथ. आज जर्मनीतही शाळेबाहेर फारसं कोणी वाचत नाही, पण त्या काळी घराघरांतलं नाव. शाळामास्तराचा मुलगा, व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेला, अ‍ॅमस्टरडॅमच्या पेढीत कारकुनी केलेला. बंदरातल्या बोटी बघून त्याने सिंह, वाळवंटं, उंट यांच्या कविता लिहिल्या आणि त्या धो धो खपल्या. प्रशियाचा नवा राजा फ्रीडरिख विल्हेल्म चौथा याने १८४२ पासून त्याला वर्षाला ३०० थालर तनखा लावला. कवी बायकोसह नदीकाठच्या सांक्ट गोआर गावी राहायला आला. सुंदर जागा, खाऊनपिऊन सुखी. त्याआधी त्याने एका कवितेत असं म्हणून ठेवलं होतं की कवीने पक्षांच्या तटबंदीहून उंच जागी उभं राहावं. त्यावर गेओर्ग हेरवेग या दुसऱ्या कवीने त्याला जाहीरपणे धारेवर धरलं, आणि तनखा मिळाल्यावर तर टोमणे वाढलेच.

मग एक रात्र आली, तीही एका हॉटेलातली. १८४३ च्या ऑगस्टमध्ये कोब्लेन्झच्या 'रीझेन', म्हणजे 'राक्षस' नावाच्या हॉटेलात त्याची हॉफमान फॉन फालर्सलेबेनशी गाठ पडली. जर्मनीचं आजचं राष्ट्रगीत ज्याच्या कवितेतून आलं तो हा हॉफमान. राजकीय कवितांपायी प्रशियाने त्याला १८४२ मध्ये ब्रेसलाऊच्या प्राध्यापकीवरून काढून टाकलं होतं आणि तो घरदार नसल्यासारखा मित्रांकडे आणि सरायांत राहत हिंडत होता. एकजण राजाचा तनखा खाणारा, दुसरा राजाने हाकललेला. दोघे रात्रभर प्याले आणि बोलले. फ्रायलिग्राथने पुढे स्वतःच ही रात्र कवितेत नोंदवली.

त्यानंतर बदल भराभर झाला. रॉबर्ट बर्न्सच्या एका कवितेचं त्याने केलेलं रूपांतर सेन्सॉरने अडवलं. १८४४ च्या सुरुवातीपासून त्याने तनखा घेणं बंद केलं. आणि मेमध्ये तो सांक्ट गोआर सोडून आसमान्सहाउझेनला 'क्रोने'त आला. तिथे त्याने आपल्या नव्या राजकीय कवितांचा संग्रह पुरा केला. नाव 'श्रद्धेची कबुली'. प्रस्तावनेत त्याने तनखा सोडल्याचं सांगितलं, लोकांच्या बाजूला उभा राहिल्याचं सांगितलं आणि खाली स्थळ-काळ घातला: आसमान्सहाउझेन, मे १८४४.

मला या सगळ्यात नकाशा सर्वांत बोलका वाटतो. सांक्ट गोआर डाव्या काठावर, प्रशियाच्या हद्दीत. आसमान्सहाउझेन उजव्या काठावर, नासाऊच्या सरदारकीत. पुस्तक छापलं गेलं माइन्झला, म्हणजे हेसेन या तिसऱ्याच राज्यात. साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात तीन सरकारं. तनखा देणाऱ्या राजाचा चुलतभाऊ नदीपलीकडच्या किल्ल्यात, आणि तनखा झिडकारणारा कवी अलीकडच्या सराईत, मधे फक्त पाणी. आणि ज्या छपराखाली बसून तो मुकुटाशी फारकत घेत होता त्या छपराच्या पाटीवर मुकुटच होता. त्याला हे सुचलं नसेल असं होणार नाही.

पुस्तक निघायच्या आत तो बेल्जियमला पोचला होता. प्रशियाने पुस्तकावर बंदी घातली. ब्रसेल्समध्ये त्याची कार्ल मार्क्सशी ओळख झाली, पुढे स्वित्झर्लंड, लंडन, १८४८ मध्ये परत येऊन खटला, निर्दोष सुटका, मार्क्सच्या वर्तमानपत्रात संपादकी, पुन्हा लंडन, तिथे एका स्विस बँकेच्या शाखेत नोकरी. शेवटी मार्क्सशीही बिनसलं. ती शाखा बंद पडल्यावर १८६७ मध्ये जर्मनीत त्याच्यासाठी लोकवर्गणी झाली आणि तो म्हातारपणी स्वदेशी परतला. १८७० च्या युद्धात त्याने देशभक्तीच्या कविता लिहिल्या आणि त्याच त्या पिढीने जास्त पाठ केल्या. १८७६ मध्ये तो वारला.

त्याची एक कविता मात्र मला या हॉटेलच्या इतिहासात महत्त्वाची वाटते, जरी ती इथे लिहिलेली नाही. १८४६ च्या संग्रहातली आहे. प्रशियाचा राजा आणि राणी वाफेच्या बोटीतून बीब्रिखहून श्टोल्झेनफेल्स या आपल्या नव्याने बांधलेल्या किल्ल्याकडे चालले आहेत. वर डेकवर ऊन, झालरी, द्राक्षांचे डोंगर. खाली यंत्राच्या खोलीत आगवाला कोळसा टाकतो आहे. तो मनाशी म्हणतो की ही बोट मी चालवतो, आणि मनात आणलं तर एका क्षणात ती हवेत उडवूनही देऊ शकतो. आज नाही, पण शकतो. बीब्रिख ते श्टोल्झेनफेल्स या वाटेवर आसमान्सहाउझेन लागतंच. 'क्रोने'च्या गच्चीवर वाईन पीत बसलेल्यांनी हात हलवून ज्या बोटींना निरोप दिला, त्याच त्या बोटी.

हॉटेलनेही आपल्या कवीला विसरू दिलं नाही. त्याची खोली जपली गेली, दाखवली गेली, पुढच्या लेखक-कलावंतांना 'क्रोने'त उतरायला ती एक निमित्त झाली. टोकदार बुरुज, लाकडी चौकटींच्या भिंती अशी आजची जी दर्शनी इमारत दिसते ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, चांगल्या दिवसांची. १८६२ मध्ये उजव्या काठाची रेल्वे झाली होती. १८६६ मध्ये नासाऊ प्रशियाने गिळलं आणि ज्या हद्दीच्या आडोशाला कवी आला होता ती हद्दच पुसली गेली. म्हणजे पाहुण्यांना प्रशियाविरोधी कवीची खोली दाखवायची, आणि पाहुण्यांत प्रशियाचे अधिकारी. यात कोणाला काही विचित्र वाटल्याचं दिसत नाही. बंडखोर मेला किंवा म्हातारा झाला की त्याची खोली होते. हे आपल्याकडेही चालतं, तेव्हा जर्मनांना हसायचं कारण नाही.

त्या काळातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. गावाच्या वर, नीडरवाल्डच्या पठारावर, जर्मनीच्या एकीकरणाचं प्रचंड स्मारक उभं राहिलं, सुमारे ३८ मीटर उंच, वर जर्मानियाचा पुतळा. २८ सप्टेंबर १८८३ ला कैसर विल्हेल्म पहिला आणि झाडून सगळे राजेरजवाडे उद्घाटनाला आले. औगुस्ट राइन्सडॉर्फ नावाच्या छपाईखान्यातल्या कामगाराने बेत रचला होता की वाटेवरच्या मोरीत सुरुंग ठेवून सगळ्यांना एकदम उडवायचं. तो स्वतः दवाखान्यात, म्हणून दोन साथीदार पाठवले. त्यांनी पैसे वाचवायला पाणी न लागणारी वात न घेता साधी वात घेतली. रात्री पाऊस पडला, वात भिजली, मिरवणूक सुरक्षित गेली. त्या आगवाल्याने 'आज नाही' म्हटल्याला चाळीस वर्षंही झाली नव्हती. राइन्सडॉर्फ आणि एक साथीदार यांना १८८५ मध्ये मृत्युदंड झाला. त्याच वर्षी आसमान्सहाउझेनहून पठारावर दात्यांची रेल्वे सुरू झाली आणि गाढवावर बसून वर जायची पद्धत मागे पडली. हॉटेलांची चंगळ झाली. इतिहास एका वातीच्या किमतीवर अडला होता, पण पाहुण्यांची वर्दळ कशानेच अडली नाही.

या चांगल्या दिवसांच्या हकिकतींत एक माणूस मला सतत गैरहजर दिसतो. बोटीतला आगवाला निदान कवितेत तरी आला. हॉटेलात कोण बूट पुसत होतं, कोण पहाटे चार वाजता चादरी उकळत होतं, हॉलेनबेर्गच्या चढावर पाठीवरच्या टोपलीतून वाहून गेलेली माती पुन्हा वर कोण नेत होतं, याची चौकट कुठल्या भिंतीवर नाही. पाहुण्यांच्या वहीत सही करण्याचा हक्क पाहुण्याला. घराण्याचा इतिहास म्हणजे मालकाच्या वंशावळीचा इतिहास, अशी आपण समजूत करून घेतली आहे, पण मोलकरणीचीही आई-लेक अशी साखळी त्याच घरात चालत असणार. ती साखळी मोजली तर 'कौटुंबिक हॉटेल' या शब्दाचा अर्थ बराच रुंदावेल.

विसावं शतक ऱ्हाईनला वाईट गेलं. पहिल्या युद्धानंतर दोस्तांनी नदीच्या उजव्या काठावर कंपासने वर्तुळं काढली: माइन्झभोवती फ्रेंचांचं, कोब्लेन्झभोवती अमेरिकनांचं. दोन वर्तुळं एकमेकांना टेकली नाहीत आणि मधे बाटलीच्या मानेच्या आकाराची एक पट्टी कोणाच्याच ताब्यात नसलेली उरली. आसमान्सहाउझेनच्या खालच्या लोर्ख गावात तिची राजधानी झाली. १९१९ ते १९२३ अशी चार वर्षं हे 'बाटलीच्या मानेचं स्वतंत्र राज्य' आपल्या नोटा छापून आणि चोरट्या वाटांनी माल आणून जगलं. रुडेसहाइमच्या स्टेशनातून त्यांनी कोळशाची एक अख्खी गाडी पळवून आणली होती, असं सांगतात. ही गोष्ट इथे सगळे हसत सांगतात.

१९३५ ची गोष्ट हसत सांगण्यासारखी नाही. ऱ्हाईनच्या वाईनचा व्यापार मोठ्या प्रमाणात ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता आणि पलीकडचं बिंगेन तर त्यासाठी प्रसिद्धच होतं. बागायतदाराकडून पिंपं घ्यायची, उचल द्यायची, वाईट साली सांभाळून घ्यायचं आणि बाटली लंडनपर्यंत पोचवायची, हे काम ते करत. नाझींनी त्यांना धंद्यातून उठवलं, आणि भरघोस पिकाच्या सालांत तळघरं भरलेली, घ्यायला कोणी नाही, अशी अवस्था झाली. मग सरकारने 'दत्तक वाईन'ची टूम काढली: एकेका शहराने एकेक वाईनचं गाव दत्तक घ्यायचं आणि सणासुदीला त्याच गावची प्यायची. आज जर्मनीभर जे वाईनचे उत्सव होतात, त्यांतल्या काहींची सुरुवात त्या वर्षीच्या सरकारी मोहिमेत आहे. ज्या हॉटेलांच्या तळघरातली वाईन पिढ्यानपिढ्या त्या व्यापाऱ्यांनी उचलली होती, त्या हॉटेलांच्या माहितीपत्रकांत १९३३ ते १९४५ हा काळ सहसा एका वाक्यात उरकलेला असतो. कवीच्या एका महिन्याला परिच्छेद, बारा वर्षांना वाक्य. नोव्हेंबर १९४४ मध्ये रुडेसहाइमवर बाँब पडले, नदीवरचे पूल कोसळले, आणि त्यानंतर अमेरिकन सैनिक, बस भरभरून आलेले डच आणि इंग्रज पर्यटक, यातून पुन्हा दिवस फिरले.

आज दरी जागतिक वारशाच्या यादीत आहे, २००२ पासून. यादीने नाव दिलं, झोप दिली नाही. १८६२ मध्ये ज्या रेल्वेने हॉटेलांची भरभराट केली, तिच्यावरून आता रात्रभर मालगाड्या जातात. दरी अरुंद, दोन्ही काठांना रूळ, आवाज डोंगरांवर आपटून दुप्पट. डिसेंबर २०२० पासून जुन्या खडखडाटी ब्रेकांच्या वाघिणींना जर्मनीत बंदी आहे आणि फरक जाणवतो, पण खिडकी उघडी ठेवून झोपायची अजून सोय नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात थोडं खाली काउब गावच्या पट्टीवर पाण्याने २५ सेंटिमीटरचा नीचांक दाखवला. त्या वर्षी जहाजं निम्म्याहून कमी माल घेऊन चालली आणि बिंगेनजवळचे जुने खडक उघडे पडले. उलट १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९५ च्या जानेवारीत हीच नदी काठच्या तळघरांत शिरली होती.

याहून मोठी अडचण माणसांची आहे. या काठावरच्या अनेक जुन्या सरायांच्या खिडक्यांना आता फळ्या ठोकलेल्या आहेत. मालक सत्तरीचे, मुलं फ्रांकफुर्टला पगारी नोकरीत. शनिवार-रविवार आणि सणावारी राबायचं, हे कोणाला नको आहे. सारख्या वाटणीच्या मुलखात सराई अखंड ठेवण्यासाठी पिढ्यांनी जी कसरत केली, ती आता वाटेकरीच नसल्यामुळे थांबते आहे. 'क्रोने'चंही तसंच झालं. एका छपराखालची डोंगरावरचा मळा, तळघर आणि वरच्या खोल्या ही तिपेडी दोरी उलगडली. 'क्रोने' नावाची वाईन आणि 'क्रोने' नावाचं हॉटेल यांचा कारभार आता एका हाती नाही. वाईनला नवे हात मिळाले आणि तिचं नाव वधारलं. खोल्या भरायचं काम जास्त अवघड निघालं.

२०२९ मध्ये या दरीत राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन भरणार आहे. त्यासाठी काठ सुधारताहेत, पायवाटा दुरुस्त होताहेत. आसमान्सहाउझेनच्या एका डहाळीवाल्या बागायतदाराला मी विचारलं की एवढे लोक आले तर उतरणार कुठे. तो म्हणाला, पलीकडे बिंगेनला साखळी हॉटेलं आहेत, बोटीने येतील, माझ्याकडे एक ग्लास पितील आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातील. मग त्याने माझा ग्लास भरला आणि सांगितलं की सप्टेंबरात तोडणीला पोलंडहून येणारी त्याची नेहमीची टोळी यंदा येणार नाही म्हणते, त्यांना तिकडेच बरा पगार मिळतो, तेव्हा तुमच्या नाशिककडचं कोणी या चढावर काम करायला तयार होईल का.